लाकडी सांगाड्याच्या घरांचा ऱ्हास आणि निगा : एकलहरे–नाशिक परिसराच्या संदर्भात

सारांश

नाशिक शहराच्या जुन्या भागात आणि गोदाकाठच्या गावठाणांत सागवानी खांब, तुळया व कडीपाट यांवर उभी असलेली घरे आजही वापरात आहेत. या घरांचा ऱ्हास केवळ वयोमानामुळे होतो, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. लाकूड भिजल्यामुळे नव्हे, तर भिजल्यावर वाळू न शकल्यामुळे कुजते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या दृष्टीने सिमेंटचा गिलावा, पक्का कोबा, उंचावलेले रस्ते आणि ऑईलपेंट यांसारख्या ‘सुधारणां’चा विचार करून घराची तपासणी, वाळवीप्रतिबंध, दुरुस्ती आणि वार्षिक निगा यांची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : वाडा, सागवान, तळखडा, वाळवी, चुन्याचा गिलावा, शाकारणी, राखविटा.

प्रस्तावना

पावसाळ्यात नाशिकच्या जुन्या वस्तीतील एखादा वाडा कोसळल्याची वार्ता दरवर्षी वाचावयास मिळते. पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांना नोटिसा दिल्या जातात. काही कुटुंबे घर सोडतात, काही नाइलाजाने तेथेच राहतात. त्यानंतर भिंत खचते, माडी खाली येते आणि ‘वाडा जुना झाला होता’ एवढ्या एका वाक्यात प्रकरण संपते. वस्तुतः जुने होणे हे कोसळण्याचे कारण नव्हे. जपानमधील नारा परिसरातील होर्यूजी या विहारातील लाकडी इमारती सुमारे तेराशे वर्षांपासून उभ्या आहेत. नॉर्वेतील बोरगुंडचे लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. आपल्याकडील दीडदोनशे वर्षांचे सागवान या तुलनेत तरुणच म्हणावे लागेल. तेव्हा घर का पडले, याचे उत्तर वयात न शोधता त्याच्या वागवणुकीत शोधणे आवश्यक ठरते.

या विवेचनासाठी एकलहरे परिसराची निवड सहेतुक केली आहे. नाशिकरोडच्या पूर्वेस असलेले हे गाव औष्णिक विद्युत केंद्रामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. येथील पहिले दोन संच १९७० च्या सुमारास उभे राहिले आणि पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेचे तीन संच कार्यान्वित झाले. केंद्राबरोबर काँक्रीटची वसाहत आली आणि पुढे कोळशाच्या राखेच्या विटाही आल्या. औष्णिक केंद्रांच्या परिसरात वीटनिर्मितीत राखेचा वापर व्हावा, यासाठी केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. त्यामुळे अशा परिसरात जुन्या घराची डागडुजी करताना राखवीट आणि सिमेंट हे साहित्य सर्वप्रथम हाताशी येते. नव्या बांधकामात ते उपयुक्त आहे, परंतु जुन्या सागवानी खांबाशी त्याची गाठ पडली म्हणजे काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे

१) लाकडी सांगाड्याच्या घराची रचना आणि त्यातील नाजूक स्थाने स्पष्ट करणे.
२) लाकडाच्या ऱ्हासाची शास्त्रीय कारणे सुबोध रीतीने मांडणे.
३) आधुनिक डागडुजीचे दुष्परिणाम निदर्शनास आणणे.
४) घरमालक, भाडेकरू व कारागीर यांना उपयोगी पडेल अशी निगेची पद्धती सुचविणे.

लाकडी सांगाड्याच्या घराची रचना

उत्तर युरोप आणि रशियात लाकडाचे ओंडके एकमेकांवर रचून भिंत उभारण्याची पद्धत आहे. तेथे लाकूड हीच भिंत असते. आपल्याकडील वाड्यात लाकूड हा सांगाडा असतो आणि दगड, वीट वा मातीची भिंत सांगाड्याभोवतीचे कवच असते. जोत्यावर दगडी तळखडे बसवितात, तळखड्यावर खांब उभा राहतो, खांबाच्या माथ्यावरील हस्त तुळईला आधार देतात, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट बसतात. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचा आकार खणांवरून सांगितला जातो. सांधे खिळ्यांनी नव्हे, तर खाच आणि कुसू यांच्या साहाय्याने जुळविलेले असतात. त्यामुळे सांगाडा थोडा हलू शकतो, आणि हे हलणे हाच त्याचा गुण होय.

नाशिकच्या सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा किंवा चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल पाहिला असता ही रचना नीट लक्षात येते. सामान्य माणसाचे चार खणांचे घरही याच तत्त्वावर उभे असते. कोरीव कामाचा भाग सोडला, तर दोहोंत फरक केवळ आकाराचा आहे.

या रचनेत तीन स्थाने विशेष नाजूक असतात. पहिले, खांबाचा पाय. दुसरे, तुळईचे व कडीचे भिंतीत घुसलेले टोक. तिसरे, बाहेरच्या भिंतीत पूर्णपणे दडलेला खांब. चौकातील कोरीव खांब सर्वांच्या नजरेसमोर असतो आणि सहसा सुस्थितीत आढळतो. भिंतीतील खांब मात्र कोणास दिसत नाही. तो आतल्या आत पोकळ होतो आणि घर पडते ते बहुधा त्याच्यामुळे पडते.

लाकूड का कुजते?

लाकूड हा आर्द्रता घेणारा आणि सोडणारा पदार्थ आहे. हवेतील दमटपणा वाढला की ते फुगते, कमी झाला की आक्रसते. कोरड्या उन्हाळ्यात, हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असताना, लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर येते. भर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली तरी ते १७–१८ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला मात्र त्याहून बरेच अधिक, साधारणतः २८–३० टक्क्यांच्या वरचे पाणी लागते. २० टक्क्यांच्या आत राहिलेले लाकूड बुरशीपासून सुरक्षित मानले जाते.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पावसाळी हवेने लाकूड कुजत नाही. ते कुजण्यासाठी प्रत्यक्ष पाणी लागावे लागते आणि तेथेच कोंडून राहावे लागते. गळणारे कौल, फुटलेली पन्हळ, न्हाणीघरातील ओल किंवा जमिनीतून वर चढणारा दमटपणा यांपैकी काही ना काही कारण असतेच. नाशिक परिसरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात. उरलेले आठ महिने भिजलेल्या लाकडाला वाळण्यास पुरेसे असतात, मात्र त्याला वाळण्याची वाट मोकळी हवी.

कुजलेले लाकूड दोन प्रकारे ओळखता येते. तपकिरी कुज झाली असता लाकूड गडद होते, त्यास आडव्याउभ्या भेगा पडतात आणि ते चौकोनी तुकड्यांत सुटते. पांढऱ्या कुजीत ते फिकट, मऊ व तंतुमय बनते. दोन्ही प्रकारांत नजरेस बदल दिसण्यापूर्वीच लाकडाची ताकद घटलेली असते.

सागवान टिकाऊ का, याचेही उत्तर येथे पाहणे उचित ठरेल. सागाच्या मध्यकाष्ठात नैसर्गिक तेलकट द्रव्ये व टेक्टोक्विनोनसारखी संयुगे असतात. ती वाळवीस व बुरशीस प्रतिकूल असतात. परंतु हा गुण मध्यकाष्ठाचा आहे. सालीलगतच्या फिकट रसकाष्ठात पिष्टमय अंश असतो आणि त्यावर भुंगे ताव मारतात. लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला आणि पृष्ठभागावर टाचणीच्या माथ्याएवढी छिद्रे दिसली, तर हे पोखरकिडे लागले असे समजावे. ‘सागाला काही होत नाही’ हे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे.

वाळवी : ओलीच्या वाटेने येणारा शत्रू

आपल्या परिसरातील घरांचे नुकसान करणारी वाळवी प्रामुख्याने जमिनीत वास्तव्य करते. तिचे शरीर कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून ती मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आतून प्रवास करते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख असलेले कीटक जमतात आणि सकाळी खिडकीत गळालेल्या पंखांचा थर आढळतो. ही वाळवीची नवी वसाहत वसण्याची वेळ होय. हे पंख घराच्या आतल्या बाजूस, बंद खोलीत आढळले, तर वसाहत घरातच आहे असा संशय घ्यावा.

वाळवीच्या नळ्या केवळ झाडून टाकणे पुरेसे नसते. ओलीचे कारण दूर केल्याशिवाय त्या पुन्हा उभ्या राहतात. विद्यमान इमारतींतील वाळवीप्रतिबंधासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ६३१३ (भाग ३) हे मानक आहे. त्यात घराभोवतीची माती, जमीन व भिंत यांचा सांधा आणि लाकूड यांवर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करण्याची पद्धत दिली आहे. जमीन व भिंतीच्या सांध्यालगत ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांतून इमिडाक्लोप्रिड वा बायफेन्थ्रिन यांसारखे द्रावण सोडले जाते. हे काम प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे. वाड्याच्या आवारात आड असल्यास त्याच्या जवळपास हे द्रावण जाऊ देऊ नये. पूर्वी सर्रास वापरली जाणारी आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये आता प्रतिबंधित आहेत. घरात त्यांचे जुने डबे असल्यास ते वापरू नयेत.

घरातील आतल्या, पावसात न भिजणाऱ्या लाकडासाठी बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे पाण्यातील मिश्रण हा तुलनेने कमी विषारी उपाय आहे. हे द्रव्य लाकडात मुरते आणि बुरशी व कीड दोहोंस रोखते. मात्र ते पाण्यात विरघळणारे असल्याने पावसाच्या माऱ्यातील लाकडावर टिकत नाही.

खेड्यापाड्यांत वाळवीवर गाडीचे जळके ऑइल लावण्याचा प्रघात आहे. तो सोडून देणे हिताचे ठरेल. हे तेल लाकडात खोल मुरत नाही, धूळ धरून ठेवते, ज्वलनशील असते आणि त्यातील घटक त्वचेस व आरोग्यास अपायकारक असतात.

‘सुधारणां’चे दुष्परिणाम

जुने घर पक्के करण्याच्या सद्भावनेने केलेली पाच कामे लाकडाच्या मुळावर येतात, असे आढळून येते.

(अ) सिमेंटचा गिलावा : माती व चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे बाहेर पडण्याची वाट बंद होते. गिलाव्यास पडलेल्या बारीक भेगांतून पाणी आत शिरते, पण परत येत नाही. भिंतीस लोणा लागतो आणि आत दडलेला खांब बारमाही ओला राहतो. गिलावा नवा, गुळगुळीत आणि रंगविलेला असतो. त्यामुळे आतील नाशाची कल्पना कोणास येत नाही.

(आ) खांबाभोवती राखवीट व सिमेंट : खांब कमकुवत वाटला की त्याच्या बुंध्याभोवती विटांचा चौथरा बांधून त्यात सिमेंट ओतले जाते. यामुळे तात्पुरता आधार मिळतो. पण तळखड्याचे कार्यच नष्ट होते. तळखडा लाकडास जमिनीपासून वर आणि हवेत ठेवण्यासाठी असतो. सिमेंटच्या बुटात अडकलेला खांब पुन्हा ओलीच्या संगतीत जातो. येथे दोष राखविटेचा नाही. चुकीच्या जागी केलेल्या घट्ट बंदिस्तीचा आहे.

(इ) पक्का कोबा आणि फरशी : शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीतून ओल सर्वत्र सारखी बाहेर पडत असे. तिच्या जागी कोबा व चकचकीत फरशी आली की जमिनीतील ओल कडेला सरकते आणि भिंतींत व खांबांच्या पायाशी वर चढते. फरशी घालावयाचीच असेल, तर भिंतीलगत व खांबाभोवती काही इंच पट्टी मोकळी ठेवून ती चुना व वाळूने भरावी.

(ई) उंचावलेले रस्ते : डांबरीकरण किंवा काँक्रिटीकरणाच्या प्रत्येक फेरीत रस्त्याची पातळी वाढते आणि कधीकाळी दोन पायऱ्या वर असलेले जोते रस्त्याच्या बरोबरीस येते. मग रस्त्यावरचे पाणी थेट ओट्यावर येते. जुना थर खरवडून नंतर नवा थर टाकावा, ही मागणी ग्रामपंचायत वा महानगरपालिकेकडे सामूहिकरीत्या करणे आवश्यक आहे. तोपर्यंत घराच्या बाजूने उतार दिलेली उघडी गटार काढणे हा हातचा उपाय होय.

(उ) ऑईलपेंट : सागवानावर चढविलेला जाड रंगथर काही वर्षांत तडकतो. तडीतून पाणी आत जाते आणि रंगाखाली अडकते. शिवाय सांधे, भेगा व छिद्रे रंगाखाली झाकली जात असल्यामुळे तपासणीच अशक्य होते.

या पाचही बाबींच्या मुळाशी एकच चूक आहे. पाणी आत येऊ नये म्हणून केलेली बंदिस्ती पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. नॉर्वेतील कारागिरांनी हाच धडा अनुभवातून घेतला होता. तेथील आरंभीच्या लाकडी चर्चचे खांब थेट जमिनीत रोवलेले असत व ते कुजून जात. पुढील पिढ्यांनी खांबांचा सांगाडा दगडी पायावर उचलून घेतला आणि बोरगुंडसारख्या इमारती आठशे वर्षे टिकल्या. आपला तळखडा याच जाणिवेचा आविष्कार आहे.

येथे स्थानिक साहित्याविषयी एक सूचना करणे अप्रस्तुत ठरणार नाही. पूर्वी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून पाण्यात टिकणारा गिलावा तयार करीत. कोळशाची बारीक राखही चुन्याशी तशाच प्रकारे संयोग पावते. म्हणजे एकलहऱ्याची जी राख सिमेंटच्या सोबतीने जुन्या लाकडास घातक ठरते, तीच चुन्याच्या सोबतीने मर्यादित प्रमाणात उपयुक्त ठरू शकते. अर्थात, असे मिश्रण प्रथम भिंतीच्या लहानशा भागावर लावून एक पावसाळा पाहावे आणि मगच पुढे जावे.

घराची तपासणी

तपासणीस महागडी उपकरणे लागत नाहीत. दाभण, लाकडी मोगरी, ओळंबा, विजेरी आणि वही एवढे साहित्य पुरते.

खांबाच्या पायाशी व तुळईच्या टोकाशी दाभण दाबून पाहावे. निरोगी सागात ते जेमतेम टोकाने रुतते, कुजलेल्या लाकडात सहज आत जाते. मोगरीने हलके ठोकले असता भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ लाकडाचा बद येतो. ओळंब्याने खांबाचा कल मोजून वहीत तारखेसह नोंदवावा. भिंतीच्या भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग स्थिर आहे की वाढते आहे, हे सहा महिन्यांनी कळते आणि अभियंत्यास याच नोंदीचा सर्वाधिक उपयोग होतो. लाकडाची आर्द्रता मोजणारे पिनांचे लहान यंत्र मिळाल्यास उत्तम. २० टक्क्यांहून अधिक आकडा सातत्याने दाखविणारी जागा ही गळतीची जागा होय.

माडीवरील भाराचीही तपासणी व्हावी. हजार लिटरची टाकी पूर्ण भरली असता केवळ पाण्याचे वजन एक टन होते. कडीपाटावर अशी टाकी ठेवणे हे घरास आणि घरातील माणसांस धोक्यात टाकण्यासारखे आहे. माळवदावर दर वर्षी नवी माती चढविण्याच्या सवयीचाही असाच फेरविचार करावा. गळती थांबविण्यासाठी आधी जुनी सैल माती काढून मग नवी घालावी.

पावसाने ओढ दिल्यानंतरचे दिवस विशेष जोखमीचे असतात. भिजलेल्या मातीच्या भिंतीचे वजन वाढलेले आणि ताकद घटलेली असते. पाऊस थांबला म्हणून धोका टळला असे मानता येत नाही. दार अचानक घट्ट बसू लागणे, कडीपाटातून माती गळणे, भिंतीस पोट येणे किंवा रात्री लाकडाचा करकर आवाज येणे, या खुणा दिसताच प्रथम माणसांनी बाहेर पडावे. तपासणी मागाहून करावी.

गोदाकाठच्या घरांसाठी पुराचा विचार वेगळा करावा लागतो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षींचे पूर नाशिककरांच्या स्मरणात आहेत. पूर ओसरल्यावर लाकूड धुऊन गाळ काढावा, दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि किमान काही महिने त्यावर रंग वा गिलावा चढवू नये. जलद वाळविण्यासाठी आगीची धग देणेही टाळावे. त्यामुळे लाकूड तडकते.

दुरुस्तीची तत्त्वे

दुरुस्तीचा पहिला नियम असा, की आधी कारण दूर करावे आणि मग लाकडास हात लावावा. गळके छप्पर तसेच ठेवून बदललेली कडी काही वर्षांत पुन्हा बदलावी लागते.

दुसरा नियम, जेवढे कुजले तेवढेच काढावे. खांबाचा खालचा दीड फूट भाग गेला म्हणून संपूर्ण खांब टाकून देण्याचे कारण नाही. टेकू देऊन भार उचलावा, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापावा आणि त्याच जातीच्या, सुकलेल्या लाकडाचा तुकडा खाच पाडून जोडावा. रशियातील किझी बेटावरील १७१४ मधील ओंडक्यांच्या चर्चचे जतन याच तत्त्वाने झाले. इमारतीचा एकेक स्तर उचलून केवळ निकामी ओंडके बदलण्यात आले, उरलेले पुन्हा त्याच जागी बसविण्यात आले आणि हे दीर्घकाळ चाललेले काम २०२० मध्ये पूर्णत्वास गेले.

तिसरा नियम लाकडाच्या निवडीचा. ताजे, ओले लाकूड बसविल्यास ते वाळताना आक्रसते आणि सांधा सैल होतो. पाडलेल्या वाड्यांतील जुने सागवान बाजारात मिळते व ते उत्तम सुकलेले असते. मात्र त्यात पोखरकिड्यांची छिद्रे आणि भुसा नाही, याची खात्री करून घ्यावी. लाकडाच्या परिरक्षणासाठी आयएस ४०१ या मानकाचा आधार घेता येतो.

टेकू लावणे आणि भार उचलणे ही कामे लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता आणि जाणकार सुतार यांच्या देखरेखीखालीच व्हावीत. सुतारकामाची ही परंपरागत विद्या विरळ होत चालली आहे. वाड्याबरोबर ती जाणणारा माणूसही नाहीसा होतो, हे नुकसान सहसा हिशेबात धरले जात नाही.

आगीपासून संरक्षण

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यास आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. आतील लाकडी महाल नष्ट झाले, दगडी जोती व तटबंदी शिल्लक राहिली. पुण्यातीलच विश्रामबागवाड्यास मे १८७९ मध्ये आग लावण्यात आली. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला.

जाड सागवान मात्र समजले जाते तितक्या सहज जळत नाही. पृष्ठभाग जळून कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतील लाकडाचे काही काळ रक्षण करतो. जळण्याची गती साधारणतः मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. धोका असतो तो पातळ पाट, वाळलेला कचरा, माळ्यावरील अडगळ आणि जुनी वायरिंग यांचा. खिळ्यांनी तुळईवर ठोकलेल्या जुन्या तारा काढून नळीतून नवी वायरिंग करावी. एमसीबी व गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवावे. माळ्यावर अडगळ साठवू नये.

लाकडास अळशीचे तेल लावण्याची जुनी रीत चांगली आहे. पातळ हात देऊन जास्तीचे तेल पुसून घेतल्यास लाकडाचा श्वास बंद होत नाही. मात्र तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवल्यास ती हवेशी संयोग पावून आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

निगेचे वार्षिक वेळापत्रक

चैत्र–वैशाख : शाकारणी करावी. फुटकी कौले बदलावीत, पन्हळी व कोनांतील पाला काढावा, वाशांची टोके तपासावीत.
ज्येष्ठ–आषाढ : पहिल्या मोठ्या पावसात विजेरी घेऊन माळा पाहावा. गळती याच वेळी नेमकी सापडते. वाळवीच्या पंखांची नोंद घ्यावी.
श्रावण–भाद्रपद : भेगांवरील खुणा पाहाव्यात, घराभोवती पाणी साचू देऊ नये, भिंतीस टेकून सरपण रचू नये.
आश्विन–कार्तिक : दिवाळीच्या साफसफाईत कपाटे व पेट्या हलवून मागील भिंती पाहाव्यात, तळखडे मातीपासून मोकळे करावेत, सांध्यांतील धूळ व राख ब्रशने झाडावी, पाण्याने धुऊ नये.
मार्गशीर्ष–फाल्गुन : कोरड्या हवेत लाकडाची दुरुस्ती, तेलाचा हात आणि चुन्याचा गिलावा ही कामे करावीत.

कायदेशीर बाजू

शहरी भागात घरमालक आणि भाडेकरू यांच्या वादात दुरुस्ती खोळंबते आणि दरम्यान पाणी आपले काम करीत राहते. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूस आवश्यक दुरुस्ती करून मर्यादित रक्कम भाड्यातून वळती करून घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ खालील धोकादायक बांधकामाची नोटीसही केवळ पाडण्यापुरती नसते. बांधकाम सुरक्षित वा दुरुस्त करणे हाही पर्याय त्यात असतो. नोटीस हाती पडताच वर्षानुवर्षांची तपासणीची वही जवळ असेल, तर कोणता पर्याय शक्य आहे याची चर्चा पुराव्यानिशी करता येते.

निष्कर्ष

१) लाकडी सांगाड्याच्या घराचा ऱ्हास वयोमानामुळे नव्हे, तर मुख्यत्वे कोंडलेल्या ओलीमुळे होतो.
२) सिमेंटचा गिलावा, खांबाभोवतीची बंदिस्ती, कोबा, उंचावलेला रस्ता व जाड रंग हे या कोंडीस कारणीभूत ठरतात.
३) वाळवी व बुरशी हे ओलीचे परिणाम आहेत. ओल दूर न करता केलेली रासायनिक प्रक्रिया अपुरी ठरते.
४) वर्षातून दोनदा केलेली साधी तपासणी आणि तिची नोंद हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे.
५) प्रत्येक लाकडी घर वाचविता येईलच असे नाही. ज्याचा सांगाडा निकामी झाला आहे, ते वेळीच रिकामे करणे हेही शहाणपणाचे आहे. तथापि हा निर्णय दाभण, ओळंबा व नोंदी यांच्या आधारे घ्यावा, केवळ ‘जुने झाले’ या शब्दांवर नव्हे.

एकलहरे परिसरातील एखाद्या कुटुंबास या लेखातून एकच कृती उचलावयाची असेल, तर त्यांनी येत्या कोरड्या ऋतूत घरातील प्रत्येक खांबाचा पाय माती, सिमेंट आणि अडगळ यांपासून मोकळा करून पाहावा. तळखडा डोळ्यांस दिसू लागला की घराच्या प्रकृतीविषयी पुढचे बरेच काही तेथेच वाचता येते.